ओझोन रात्री माळ्यावर असतो, म्हणून विमान

जुलैतली एखादी दमट, चिकचिकीत पहाट घ्या. जागा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळची, मेरीलँड राज्य, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या आसपास कुठेही. पहाटे ५ वाजता जमिनीवरच्या मॉनिटरवर ओझोन बघितला तर १०-१५ पीपीबी, कधी त्याहूनही कमी, म्हणजे हवा अगदी छान म्हणावी अशी. (पीपीबी म्हणजे हवेच्या १०० कोटी रेणूंमागे ओझोनचे किती रेणू, एवढंच.) मग ९ वाजतात, १० वाजतात आणि आकडा असा काही चढायला लागतो की दुपारी ३ पर्यंत ८०-९० ला जाऊन टेकतो. आता आपल्या मनात सरळ हिशोब येतो की सकाळी लोक गाड्या काढून कामाला निघाले, ऊन तापलं, धुरातून ओझोन झाला, विषय संपला. बरीच वर्षं लोक असंच धरून चालले होते आणि ते अर्धंच खरं होतं. कारण त्याच पहाटे ५ वाजता त्याच मॉनिटरच्या डोक्यावर ६००-७०० मीटर वर जाऊन मोजलं असतं तर तिथे ६०-७० पीपीबी ओझोन आधीच ऐसपैस पसरलेला सापडला असता. शहर जागं व्हायच्याही आधी.

म्हणजे माल खाली नव्हता, माळ्यावर होता. आणि जमिनीवरच्या मॉनिटरला माळा दिसत नाही. तो बघायला काही लोक छोट्या विमानात यंत्रं कोंबून वर जातात, त्या उद्योगाबद्दल हे लिहितोय. "ओझोनचं प्रादेशिक वहन" असं नाव दिलं की ऐकणाऱ्याला जांभईच येते, पण मुळात ही शेजाऱ्यांच्या भांडणाची गोष्ट आहे: धूर कुणाचा, खोकला कुणाला आणि खर्च कुणी करायचा.

आधी ओझोनचं थोडं, कारण इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. २०-२५ किलोमीटर उंचीवरचा ओझोन सूर्याचे अतिनील किरण अडवतो, तो आपला दोस्त. आपण श्वासात घेतो तो जमिनीजवळचा ओझोन फुप्फुसांना त्रास देतो, दमेकऱ्यांना जास्त, पिकांच्या पानांनाही. रेणू तोच, तीन ऑक्सिजन, फक्त जागा चुकलेली. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हा खालचा ओझोन कुणीही थेट सोडत नाही. कुठल्या धुराड्यातून नाही की सायलेन्सरमधून नाही. तो हवेतच शिजतो. लॉस एंजेलिसच्या स्मॉगमागचं हे कोडं आरी हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या आसपास सोडवलं.

शिजायला लागतं काय, तर नॉक्स म्हणजे नायट्रोजनची दोन ऑक्साइडं, व्हीओसी म्हणजे पटकन उडून जाणारी सेंद्रिय रसायनं, आणि ऊन. नॉक्स येतो जिथे काहीही जोरात जळतं तिथून, गाड्या, ट्रक, कोळशाचे पॉवर प्लांट. ऊन नायट्रोजन डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन तोडतं, तो सुटा ऑक्सिजन हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि ओझोन तयार. उरलेला नायट्रिक ऑक्साइड एरवी तोच ओझोन परत खाऊन टाकतो आणि हिशोब शून्यावर येतो, पण मध्ये व्हीओसी आले की ते ओझोनला हात न लावता नायट्रिक ऑक्साइडला पुन्हा डायऑक्साइड करून देतात, मग चक्र परत फिरतं आणि ओझोन साठत जातो. गंमत बघा, नॉक्सच ओझोन बनवतो आणि नॉक्सच ओझोन खातो. ताजा नॉक्स, म्हणजे गर्दीच्या रस्त्यालगतचा, जास्त करून खातो. म्हणून ओझोन बहुतेक वेळा शहराच्या मधोमध नाही तर वाऱ्याच्या दिशेला ३०-५० किलोमीटर पुढे, एखाद्या निवांत उपनगरात सगळ्यात जास्त असतो, तिथले लोक बिचारे विचारत राहतात की आमच्याकडे तर एक कारखाना नाही.

व्हीओसीचं एक वेगळंच प्रकरण आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात ओकची जंगलं आहेत आणि ओकची पानं गरमीत आयसोप्रीन नावाचं व्हीओसी भरपूर सोडतात. त्यामुळे कारखान्यांचे आणि पेट्रोलपंपांचे व्हीओसी कितीही कमी केले तरी झाडं पुरवठा चालूच ठेवतात. १९७० आणि ८० च्या दशकात तिथला भर मुख्यतः व्हीओसी कमी करण्यावर होता आणि ओझोन काही म्हणावा तसा हलेना, यामागचं एक मोठं कारण हेच. झाडांना नोटीस कोण देणार. मग लक्ष नॉक्सकडे गेलं, आणि नॉक्सचे मोठे एकगठ्ठा स्रोत होते पॉवर प्लांट, ते होते पश्चिमेला ओहायो नदीच्या खोऱ्यात, शेकडो किलोमीटर लांब, उंच चिमण्यांसकट. उंच चिमणी म्हणजे काय तर धूर माझ्या दारात नको, लांब जाऊ दे. तो गेला लांब.

आता परत माळ्याकडे. दिवसा जमीन तापते, गरम हवा वर जाते, गार हवा खाली येते, ताक घुसळावं तशी सगळी हवा घुसळली जाते. उन्हाळ्याच्या दुपारी ही घुसळण दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत जाते आणि दिवसभरात शिजलेला ओझोन त्या सगळ्या उंचीत सारखा पसरतो. सूर्य मावळला की रवी थांबली. जमीन पटकन गार होते, तिला चिकटलेली हवा गार होते, तिच्या वरची हवा मात्र अजून उबदारच, म्हणजे एरवी उंचीबरोबर हवा गार होत जाते त्याच्या बरोबर उलटं. याला इन्व्हर्जन म्हणतात आणि त्याचं काम झाकणासारखं असतं, खालचं वर जात नाही, वरचं खाली येत नाही. झाकणाखालच्या १००-२०० मीटरमध्ये रात्रभर गाड्यांचा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खातो, पानं, माती, भिंती यांच्यावर आपटूनही तो नष्ट होतो. पहाटेपर्यंत खाली जवळजवळ सफाई. झाकणाच्या वर मात्र खायला कुणी नाही, आपटायला भिंत नाही. कालचा ओझोन तिथे जसाच्या तसा. या थराला रेसिड्युअल लेयर म्हणतात, म्हणजे कालचं उरलेलं. सकाळी ९-१०-११ च्या सुमारास ऊन चढतं, झाकण विरघळतं आणि वरचा सगळा साठा खाली उतरतो. सकाळी आकडा जो भराभर चढतो त्यात आज शिजलेला ओझोन कमी आणि काल शिजून माळ्यावर ठेवलेला जास्त असतो.

आणि तो ठेवलेला साठा एका जागी बसूनही राहत नाही. झाकणाच्या वर वाऱ्याला जमिनीचं घर्षण लागत नाही त्यामुळे रात्री तो वेग पकडतो. ॲपलाचियन डोंगररांगेच्या पूर्वेला उन्हाळ्याच्या रात्री ३००-६०० मीटर उंचीवर वाऱ्याचा एक जोरदार पट्टा तयार होतो, नैऋत्येकडून ईशान्येकडे जाणारा, व्हर्जिनियाकडून मेरीलँड आणि पुढे. नॉक्टर्नल लो-लेव्हल जेट हे त्याचं नाव. सेकंदाला १२ मीटर धरा, रात्रीचे ८ तास धरा, गुणाकार करा, ३४५ किलोमीटर होतात. खाली पान हलत नसतं, माणसं खिडक्या उघड्या टाकून झोपलेली असतात आणि डोक्यावरून अख्ख्या राज्याचा ओझोन दुसऱ्या राज्यात चाललेला असतो. याशिवाय दुसरी वाट पश्चिमेकडून, डोंगर ओलांडून, एक-दोन किलोमीटर उंचीवरून, ओहायो खोऱ्यातल्या पॉवर प्लांटचा माल घेऊन येणारी. तिसरी अर्थात तळातली रोजची, एका शहराचा धूर पुढच्या शहराला, वॉशिंग्टनचा बाल्टिमोरला, बाल्टिमोरचा पुढे फिलाडेल्फियाकडे.

हे सगळं जमिनीवरून कसं कळणार? डोंगरावर मॉनिटर लावता येतो, शेनान्डोआ नॅशनल पार्कमध्ये बिग मेडोजला साधारण हजार मीटरवर आहेच, आणि तिथे रात्री ओझोन फारसा उतरत नाही हेही दिसतं, पण डोंगर काही हव्या त्या जागी मिळत नाही. फुगा सोडून ओझोन मोजता येतो, पण फुगा वारा नेईल तिकडे जातो. विमान मात्र सांगाल तिथे, सांगाल तेवढ्या उंचीवर.

मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने १९९० च्या दशकापासून हे काम लावून धरलं, आधी पायपर अझ्टेक, नंतर सेस्ना ४०२बी, दोन्ही दोन इंजिनांची पंखेवाली छोटी विमानं, आणि पैसे बऱ्याच अंशी मेरीलँड राज्याच्या पर्यावरण खात्याचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण संशोधनाचं विमान म्हटलं की डोळ्यासमोर नासाचं चार इंजिनांचं धूड येतं. ते पण असतं, त्याच्याकडे येतोच. पण वर्षानुवर्षं, दर उन्हाळ्यात, त्याच त्याच जागांवर चकरा मारून जो ढिगारा तयार होतो तो अशा साध्या विमानाचा असतो.

आतमध्ये काय असतं तर मागच्या सीट काढून टाकलेल्या, तिथे रॅक, रॅकमध्ये यंत्रं पट्ट्यांनी आवळलेली, वायर आणि टेफ्लॉनच्या नळ्यांचा गुंता. नळ्या टेफ्लॉनच्याच का, तर ओझोन फार चिकट स्वभावाचा आहे, रबराला किंवा धातूला लागला तर तिथेच संपतो आणि यंत्रापर्यंत पोचेपर्यंत आकडा कमी. बाहेरची हवा आत घ्यायचं तोंड, म्हणजे इनलेट, अशा जागी बसवतात की आपल्याच इंजिनाचा धूर आत यायला नको. नाहीतर अख्खं फ्लाइट स्वतःचाच नॉक्स मोजत फिराल.

ओझोन मोजायची युक्ती मला फार आवडते. २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश एका नळीतून सोडायचा. ओझोन हा प्रकाश शोषतो. एकदा हवा आहे तशी, एकदा ओझोन काढून टाकलेली, दोन्ही वेळी पलीकडे किती प्रकाश पोचला ते बघायचं आणि फरकावरून ओझोन. ऐकायला सोपं, पण ६० पीपीबी ओझोन असताना हातभर नळीत प्रकाश कमी होतो तो साधारण १०,००० भागांतले ६-७ भाग. एवढासा फरक, तोही हलणाऱ्या, थरथरणाऱ्या, उकडणाऱ्या विमानात पकडायचा. त्यात ३ किलोमीटरवर हवेचा दाब जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेला, म्हणजे पीपीबी तेवढेच असले तरी नळीतले ओझोनचे रेणूच कमी, म्हणून दाब आणि तापमान सारखं मोजत राहून आकडा दुरुस्त करावा लागतो. शिवाय यंत्राला एक रीडिंग द्यायला १० सेकंद लागतात असं धरलं तर तेवढ्यात विमान अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

म्हणून सरळ रेषेत जाण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो तो स्पायरल. हे जरा जवळून बघू. विमान एखाद्या छोट्या विमानतळावर येतं, उतरायच्या तयारीने खाली खाली येतं, रनवेच्या वर अगदी काही मीटरपर्यंत, चाकं टेकणार असं वाटत असतानाच पायलट पुन्हा जोर लावून वर उचलतो. जमिनीजवळची हवा मिळाली. मग त्या विमानतळाभोवती गोल गोल चकरा मारत, मिनिटाला साधारण १०० मीटर या संथ वेगाने वर वर, ३ किलोमीटरपर्यंत, म्हणजे अर्धा तास नुसती भिंगरी. पोट नाजूक असणाऱ्यांचं काम नाही. मागे बसलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर रेषा सरकत असते. सकाळी ८ ची वेळ असेल तर चित्र असं: तळाला ओझोन २०, वर चढताना काही वेळ तेवढाच, मग इन्व्हर्जनची उंची आली की तापमानाची रेषा वळते आणि १००-१५० मीटरच्या आत ओझोन २० वरून ६० वर. तिथे झाकण. त्याच्या वर ६०-६५ ची सपाट रेषा बरीच उंच जाते. मग मध्येच कुठेतरी, समजा ८०० मीटरवर, सल्फर डायऑक्साइडचा एक टोकदार सुळका वर येतो आणि काही सेकंदांत बसतो. तो सुळका म्हणजे कुठल्या तरी कोळशाच्या चिमणीचा धूर रात्रभर प्रवास करून इथपर्यंत आलेला, पातळ थरासारखा पसरलेला. खालच्या मॉनिटरला त्याचा पत्ताच नाही.

यावरून पुढचा मुद्दा, की नुसता ओझोन मोजून भागत नाही. ओझोनवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, कुठूनही आला तरी रेणू तोच. मग सोबतचे साक्षीदार बघायचे. सल्फर डायऑक्साइड जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड बेताचा असेल तर कोळशाचा पॉवर प्लांट, कारण मोठी भट्टी इंधन जवळपास पूर्ण जाळते, कार्बन मोनॉक्साइड फारसा सोडत नाही पण कोळशातला गंधक बाहेर येतोच. कार्बन मोनॉक्साइड आणि नॉक्स भरपूर, गंधक नाही, तर गाड्या. कार्बन मोनॉक्साइड प्रचंड आणि सोबत प्रकाश शोषणारे काळे कण, तर जंगलाचा वणवा. जुलै २००२ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या वणव्यांचा धूर खाली मेरीलँडपर्यंत आला होता तेव्हा विमानाने वर २-३ किलोमीटरवर त्याचा जाड थर पकडला. सगळ्यात त्रासदायक प्रकरण नायट्रोजन डायऑक्साइडचं, जुन्या पद्धतीची यंत्रं गरम मॉलिब्डेनमवरून हवा नेऊन ते मोजतात आणि त्यात नायट्रोजनची इतर संयुगंही गुपचूप मोजली जातात, त्यामुळे आकडा फुगतो. अशा फुगीर आकड्यांवर वाद घालण्यात किती पानं खर्ची पडली असतील देव जाणे.

साक्षीदारांचं बोलणं झालं की मागचा माग काढायचा. ही हवा काल कुठे होती, परवा कुठे होती हे वाऱ्याच्या नोंदींवरून उलट मोजत जायचं, त्याला बॅक ट्रॅजेक्टरी म्हणतात, अमेरिकेच्या नोआ या संस्थेचं हायस्प्लिट नावाचं मॉडेल त्यासाठी जगभर वापरतात. ट्रॅजेक्टरी म्हणाली ओहायो खोरं आणि यंत्र म्हणालं गंधक, मग जुळलं. एकट्या ट्रॅजेक्टरीवर मात्र फार विसंबू नये असं माझं मत, दोन दिवस मागे गेलं की त्या रेषेत चूक साठत जाते आणि नकाशावर ती इतकी ठसठशीत दिसते की लोक तिला पुरावाच समजतात.

फ्लाइटचा रोजचा बेत साधारण असा. उद्या ओझोन वाढणार असा अंदाज आला की सकाळचं फ्लाइट वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे हवा जिकडून येणार तिकडे, व्हर्जिनियातलं लुरे, विंचेस्टर, पश्चिमेकडच्या डोंगरातलं कंबरलँड, तिथल्या विमानतळांवर स्पायरल. दुपारचं फ्लाइट खालच्या अंगाला, शहरांच्या पलीकडे, चेसापीक उपसागराच्या पूर्वेला वगैरे. सकाळी बाहेरून येणाऱ्या हवेत ६५ आणि दुपारी शहरं ओलांडून गेलेल्या हवेत ९० मिळाले तर ढोबळमानाने ९० पैकी ६५, म्हणजे ७२ टक्के, आपण आयात केले आणि उरलेले २५ पीपीबी आपली स्वतःची भर. हे आकडे मी समजावायला घेतलेत, पण खरे निष्कर्षही याच घरातले आहेत, हवा ओहायो खोऱ्याच्या बाजूने येते त्या दिवसांत दुपारच्या ओझोनचा दोन तृतीयांशाहून जास्त वाटा बाहेरचा. म्हणजे मेरीलँडने उद्या स्वतःच्या सगळ्या गाड्या बंद करून ठेवल्या तरी काही दिवस ओझोनच्या सरकारी मर्यादेत राहणं अवघड. आता यात एक खोच आहे, बाहेरून आलेल्या ६५ मध्ये निसर्गाचा, इतर देशांचा असा पार्श्वभूमीचा हिस्साही असतोच, तो सगळा शेजारच्या राज्याच्या नावावर टाकता येत नाही. हे वाक्य राजकारणी लोकांच्या भाषणात सहसा सापडत नाही.

मग एक दिवस असा आला की प्रयोग आपोआप झाला. १४ ऑगस्ट २००३, दुपारी ४ नंतर, अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ अंधारात, सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. शेकडो वीज युनिटं बंद पडली. दुसऱ्या दिवशी, वीज जाऊन साधारण २४ तास होत असताना, मेरीलँडच्या लोकांनी विमान काढलं आणि पेनसिल्व्हेनियाच्या मध्य भागावर नेलं. सल्फर डायऑक्साइड ९० टक्क्यांहून जास्त कमी. ओझोन जवळपास निम्मा. हवेतली धूसरता इतकी उतरलेली की दृष्टीचा पल्ला ४० किलोमीटरहून जास्त वाढला. कार्बन मोनॉक्साइड मात्र जवळपास तेवढाच, म्हणजे गाड्या चालूच होत्या, फक्त चिमण्या थांबल्या होत्या. तुलना केली ती आदल्या वर्षीच्या तशाच हवामानातल्या फ्लाइटशी आणि त्याच दिवशी वीज न गेलेल्या भागातल्या मोजमापांशी.

हा निकाल गाजला आणि गाजायलाच हवा होता, पण पुढे काही मॉडेलवाल्यांनी, म्हणजे हवेचं गणित संगणकावर मांडणाऱ्यांनी, शंका काढली की एवढी मोठी घट नुसत्या पॉवर प्लांटमुळे होत नाही, त्या दिवशी हवेची वाटही वेगळी होती, तुलनेसाठी घेतलेल्या दिवसाची हवा जास्त घाणेरड्या भागावरून आलेली. मला वाटतं दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गंधकाचं गणित कुणी खोडलं नाही, ओझोनच्या निम्म्या घटीतला किती वाटा चिमण्यांचा यावर मात्र जपून बोलावं. एका फ्लाइटवर सगळा डोलारा उभा करायचा नसतो, आणि ब्लॅकआउट काही दरवर्षी मागवता येत नाही.

आता भांडण. अमेरिकेत ओझोनची मर्यादा केंद्र सरकार ठरवतं, १९९७ मध्ये ८ तासांच्या सरासरीला ०.०८ पीपीएम म्हणजे ८० पीपीबी, २००८ मध्ये ७५, २०१५ मध्ये ७०. मर्यादा ओलांडली की शिक्षा मॉनिटर ज्या राज्यात आहे त्याला, नियम कडक, कारखान्यांना परवाने अवघड. मग राज्य म्हणणारच की अहो हा माल आमचा नाहीच. कायद्यात यासाठी शेजारधर्माचं कलम आहे, "गुड नेबर" म्हणूनच ते ओळखलं जातं: तुझ्या धुरामुळे पुढच्या राज्याला मर्यादा पाळता येत नसेल तर तू आवर. १९९० च्या दुरुस्तीने ईशान्येतल्या १२ राज्यांचं आणि राजधानीचं एक ओझोन ट्रान्सपोर्ट कमिशनच करून टाकलं. १९९८ मध्ये पर्यावरण संस्था ईपीएने २२ राज्यांना आणि राजधानीला नॉक्स कमी करायचा हुकूम काढला, २००३-०४ च्या उन्हाळ्यापासून पॉवर प्लांटचा नॉक्स खरोखर घसरला आणि पूर्व अमेरिकेतला ओझोनही पुढच्या वर्षांत खाली आला. भांडण थांबलं नाही ते नाहीच. मेरीलँडने २०१६ मध्ये पाच राज्यांतल्या ३६ वीज युनिटांविरुद्ध अर्ज केला, मुद्दा काय तर या युनिटांना नॉक्स कमी करायची यंत्रणा बसवलेली आहे पण उन्हाळ्यात ती नीट चालवतच नाहीत. चालवायला खर्च येतो ना. २०१८ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये शेजारधर्माच्या एका नियमाला पाठिंबा दिला आणि २०२४ मध्ये दुसऱ्या नव्या नियमाला स्थगिती दिली.

अशा भांडणात मॉडेल दोन्ही बाजूंकडे असतात. कुठल्या राज्याचा किती पीपीबी हे शेवटी मॉडेलच सांगतं, विमान नाही. पण मॉडेलने पहाटेच्या माळ्यावर ४५ दाखवले आणि विमानाने ६५ मोजले तर मॉडेल शेजाऱ्याचा वाटा कमी धरतंय हे उघड होतं, मग पुढच्या टेबलावर बसणं अवघड जातं. विमानाचं खरं काम हेच, मॉडेलचे कान धरणं.

ह्यूस्टनला हे फार झणझणीत झालं. २००० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टेक्सासात मोठी मोहीम झाली, विमानं तिथल्या शिप चॅनलच्या पेट्रोकेमिकल कारखान्यांवरून, त्यांच्या धुराच्या आतून बाहेरून फिरली आणि दिसलं की एथिलीन आणि प्रॉपिलीन कंपन्यांच्या नोंदवहीतल्या आकड्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त सुटतंय, काही ठिकाणी दहापटीहून जास्त. ही दोन्ही रसायनं भयंकर चपळ, नॉक्सबरोबर मिळाली की दोन-चार तासांत ओझोन भडकतो. ह्यूस्टनचा ओझोन दुपारी एकदम उडी का मारतो हे त्यानंतर कळलं. कागदावरचं प्रदूषण आणि हवेतलं प्रदूषण यातला फरक बघायला कुणीतरी त्या धुरातून उडून जावं लागलं.

नासाचं धूड म्हटलं होतं ते जुलै २०११ मध्ये बाल्टिमोर-वॉशिंग्टनला आलं, पी-३बी, डिस्कव्हर-एक्यू या मोहिमेत, जमिनीवरच्या सहा ठिकाणांवर दिवसातून अनेकदा स्पायरल मारत. त्यातून आणि आसपासच्या कामातून चेसापीक उपसागराची भानगड नीट उलगडली. पाण्यावर हवेची घुसळण फार उंच जात नाही, ओझोन उथळ थरात कोंडतो, पाण्यावर तो फारसा नष्टही होत नाही, आणि दुपारी किनाऱ्याकडे येणारा गार वारा तोच ओझोन परत जमिनीवर ढकलतो. एजवूड नावाच्या किनाऱ्याजवळच्या मॉनिटरचे आकडे वर्षानुवर्षं इतके वर का, तर हे. याच मोहिमेच्या मोजमापांवरून गाड्यांचा नॉक्स सरकारी यादीत वास्तवापेक्षा बराच जास्त धरलाय अशी टीकाही झाली आणि त्यावर अजूनही वाद चालतात.

विमानाची बाजू लंगडी कुठे, तर ते रोज उडत नाही. वादळात उडत नाही, आणि उडतं तेही बहुतेक वाईट दिवशीच, त्यामुळे त्याच्या नोंदींत चांगल्या दिवसांचं प्रमाण कमी. एका वेळी एकाच जागी असतं. आता जमिनीवरून लेझर सोडून ओझोनचा उभा छेद घेणारे लिडार आहेत, ते रात्रभर जागतात. एप्रिल २०२३ मध्ये टेंपो नावाचं यंत्र उत्तर अमेरिकेवर स्थिर राहणाऱ्या उपग्रहातून वर गेलं, दिवसा दर तासाला नायट्रोजन डायऑक्साइड वगैरे दाखवतं आणि त्याची चित्रं बघत बसावीत अशी असतात. पण ओझोनपैकी जवळपास ९० टक्के वरच्या थरात, स्ट्रॅटोस्फियरमध्ये असतो, उपग्रहाला त्या जाड पडद्यातून खालच्या शेवटच्या एक-दोन किलोमीटरमधलं बघायचं असतं, आणि सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला पहाटे ५ चा माळा दिसायचा प्रश्नच नाही, तेव्हा ऊनच नसतं.

म्हणून अजूनही उद्याचा अंदाज वाईट आला की आदल्या दिवशीच पायलटला निरोप जातो. पहाटे अंधारात हँगरमध्ये बाहेरची वीज जोडून यंत्रं तासभर तापवत ठेवायची, शून्य तपासायचं, नळ्या गळत नाहीत ना ते बघायचं, घड्याळं जीपीएसशी जुळवायची, कारण १० सेकंद चुकली तर थर अर्धा किलोमीटर बाजूला दिसतो. आणि निघायचं ते ९ च्या आत, एकदा झाकण विरघळलं की वरचं खालचं सगळं एक होतं आणि कालचा ओझोन कुठला, आजचा कुठला हे मग कुठल्याच यंत्राला सांगता येत नाही.